पुस्तक मिटलं की भांडी

आमच्या कॉलेजात अभ्यासाची एक ठरलेली मुद्रा आहे. मान खाली, पाय खुर्चीवर घेतलेले, डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात पिवळा हायलायटर आणि समोर उघडं पुस्तक. पानावरची एक ओळ महत्त्वाची असेल तर दुसरीनं काय घोडं मारलंय, असा सरळ न्याय लावून ही मुलं सगळं पान पिवळं करून टाकतात. मग जी ओळ पांढरी राहते तेवढीच डोळ्यांत भरते. अशी एक पांढरी ओळ दाखवून मी एका मुलाला विचारलं, "ही बरी सोडलीस?" तो म्हणाला, "मॅम, हायलायटर संपला."

मी इथे जीवशास्त्र शिकवते. कॉलेज साधं आहे, कसब्यातल्या माझ्या घरापासून चालत जाण्याजोगं. नामवंत कॉलेजांच्या याद्या लागून झाल्या की जी मुलं उरतात ती आमच्याकडे येतात, आणि ती उरलेली आहेत हे त्यांना सांगायला नातेवाईक कमी पडत नाहीत. निम्मी कुठे ना कुठे काम करतात. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं आधी कुणी नाही. मुलं कष्टाळू आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो कष्ट कुठे खर्ची पडतात याचा. मी शिकवायला तोंड उघडलं की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो, "मॅम, आयएमपी काय?" आयएमपी म्हणजे परीक्षेला हमखास येणारं. बाकीचं शरीर त्यांच्या दृष्टीनं देवानं उगीच केलेलं आहे.

मागच्या वर्षी सुट्टीत आम्हा शिक्षकांना एका प्रशिक्षणाला धाडलं. अशा प्रशिक्षणात एरवी चहा आणि समारोप एवढंच चांगलं असतं. या खेपेला मात्र शिकवणाऱ्या बाईंनी एक कामाची गोष्ट सांगितली. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा होतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला येतंय. जिन्यात रोज भेटणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा ओळखीचा होतो, म्हणून त्याचं नाव आपल्याला ठाऊक असतं असं नाही. तेव्हा पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर काढा, मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघा. मला हे एकदम पटलं. मला एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्यालाही ताबडतोब पटावी असा माझा आग्रह असतो. घरचे याला आग्रह म्हणत नाहीत, वेगळा शब्द वापरतात.

वर्गात जाऊन मी फर्मान काढलं. रोज रात्री पुस्तक मिटायचं, कोरा कागद घ्यायचा, पचनसंस्था आठवेल तशी काढायची. आठवड्यानं मी वर्गातच सगळ्यांना कागद दिले आणि पुस्तकं पिशवीत टाकायला लावली. मुलं खाली मान घालून भराभरा काढायला लागली. माझं मन भरून आलं. कागद गोळा करून स्टाफरूममध्ये बघायला बसले तर जवळपास प्रत्येकाच्या आकृतीत जठराच्या डाव्या अंगाला एक बारीक काळसर गोळा. असा अवयव पचनसंस्थेत नसतो. एकानं तर त्याला बाण काढून 'गॉल ब्लॅडर' असं नावही दिलं होतं. पित्ताशय उजवीकडे, यकृताच्या खाली असतं, हे त्याला माझ्याकडून निदान चारदा ऐकायला मिळालं होतं.

उलगडा कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सच्या दुकानात झाला. वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीनं इमानेइतबारे पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृत्या काढल्या होत्या. त्या इतरांनी झेरॉक्स करून घेतल्या होत्या आणि पाठ केल्या होत्या. 'मॅमचे कोरे कागद' या नावानं त्यांचा संचच मिळत होता, वरून स्पायरल बाइंडिंग. तो काळसर गोळा म्हणजे मूळ कागदावर पडलेला मिसळीच्या तर्रीचा डाग. मी दुकानदारावर भडकले. कोऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढून देता, तुम्हाला काही वाटतं का, असं विचारलं. तो चष्मा वर करून म्हणाला, "मॅडम, कोऱ्या कागदाची झेरॉक्स कशाला काढू? कोरा कागद आम्ही तसाच विकतो."

ती हुशार मुलगी सोडली, तर वर्गात गोळा केलेल्या त्या गठ्ठ्यात एकच आकृती अशी होती, जिच्यात तो डाग नव्हता. खरं तर तिच्यात काहीच नव्हतं. वर एक सुबक शीर्षक, खाली पट्टीनं मारलेली रेघ आणि त्याखाली रिकामी जागा.

तो रिकामा कागद देणारी मुलगी मांजरी गावाहून यायची. वर्गात तिच्याइतका अभ्यास कुणी करत नव्हतं, आणि तरी पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राच्या पेपराला ती दोनदा बसली होती आणि दोनदा नापास झाली होती. दुसरं वर्ष चालू होतं, तरी ती माझ्या पहिल्या वर्षाच्या तासाला येऊन बसायची. हा पेपर या खेपेला सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. तिच्या मामानं मांजरीतल्या एका नव्या सोसायटीच्या ऑफिसात तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. पेपर सुटला तर कॉलेज, नाहीतर जूनपासून सोसायटीचे फोन घ्यायचे, असं घरात ठरलं होतं. तिला करायचं होतं दुसरंच. बी.एस्सी. झाल्यावर रक्त तपासतात त्या लॅबमध्ये काम करायचं होतं. हे ती इतक्या हळू आवाजात बोलली की मला दोनदा विचारावं लागलं.

"अभ्यास कसा करतेस ते दाखव," मी म्हटलं. तिनं वह्या काढल्या. सगळं पुस्तक तिनं हातानं उतरवून काढलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. स्वल्पविराम सुटलेला नाही. मी मधलंच एक पान उघडून विचारलं, "हे काय लिहिलंयस, सांग." तिनं पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पानाकडे. "मॅम, लिहिताना येत होतं."

मी तिला कडक शब्दांत सांगितलं की आजपासून उतरवणं बंद. पुस्तक मिटायचं आणि स्वतःशी बोलायचं. ती हो म्हणाली. आमची मुलं हो फार लवकर म्हणतात. पंधरवड्यानं बघते तर चौथी वही सुरू. माझा पारा चढला, आणि चढल्यावर मी जे बोलते ते मी बोलले. ती ऐकून घेत उभी राहिली आणि सगळं ओसरल्यावर म्हणाली, "मॅम, पुस्तक मिटलं की आई म्हणते, झालं ना? मग भांडी घास."

प्रशिक्षणातल्या बाईंनी हे सांगितलं नव्हतं.

त्या घराचा कायदा सोपा होता. पुस्तक उघडं असेल तर पोरीला कुणी हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी नाही, गॅस संपला तरी नाही. पुस्तक मिटलं की सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे भांडी, पाणी, धाकट्याची शाळेची तयारी. आता अशा घरात कुठली शहाणी मुलगी पुस्तक मिटेल? "आईला समजावून सांग," मी म्हटलं. हे म्हणणं सोपं होतं, कारण आई माझी नव्हती.

त्या आईचाच फोन आला. "मॅडम, मांजरीवरनं बोलते. पोरगी तुमच्याकडं हाय. तुम्ही तिला काय सांगितलंय वो? पुस्तक मिटून बसती नुसती. भितीकडं बघती. कवाकवा एकटीच बोलती." एकोणीस वर्षांची मुलगी पुस्तक मिटून भिंतीकडे बघत पुटपुटते, याचं निदान आपल्याकडे कुठल्याही घरात एकच होतं. मी सांगितलं की तसलं काही नाही, मीच सांगितलंय. मग, "मिटून कसा अभ्यास व्हतो?" या प्रश्नात कॉलेजबद्दल, माझ्याबद्दल आणि एकूण उच्च शिक्षणाबद्दल जी शंका होती ती फोनवर दूर होण्यातली नव्हती. "रविवारी येते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रविवारी बसमध्ये मी मनातल्या मनात भाषण तयार करत गेले. घर उसाच्या एका राहिलेल्या तुकड्याला लागून, आणि त्याच्या समोरच आभाळाला भिडणाऱ्या नव्या इमारती. वडील ड्रायव्हर, गाडीवर गेले होते. आई त्या इमारतींतल्या लोकांना डबे पुरवायची. मी गेले तेव्हा ती पोळ्या लाटत होती, मुलगी भाजत होती. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पाटावर मुलीची पुस्तकं, वर स्वच्छ कपडा. मला चहा आला, आणि मी भाषणाला सुरुवात करणार तोच आई बोलली.

"मॅडम, राग मानू नका. माझी आई निरक्षर व्हती. पर आम्ही भावंडं वाचत बसलो की ती दारात उभी राहायची, कुणी आत येऊन बोलू नये म्हणून. आमच्यात शिकणाऱ्याला उठवत न्हाईत. मी सातवीनंतर उठले, पर मला कुणी उठवलं न्हवतं, माझं मीच उठले. म्हणून पुस्तक उघडं असलं की मी हिला हाक मारत न्हाई. आता ते मिटल्यावर ही शिकतीय का झोपलीय, मला कसं कळायचं?"

माझं भाषण तिथंच संपलं. आईचं बरोबर होतं. मलाही वर्गात नेमकं तेच कळत नव्हतं, म्हणून तर मी कागद वाटत फिरत होते. चहा पिताना मला एक सुचलं ते मी फारसा विचार न करता बोलून टाकलं. "ताई, पुस्तक उघडंच ठेवा. फक्त ते तिच्यापुढे नको, तुमच्यापुढे ठेवा. ती तुम्हाला सांगेल, तुम्ही पुस्तक सांभाळा."

"मला कुठं इंग्रजी येतंय?"

"चित्रं तर दिसतात."

पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं केलं. पचनसंस्थेचं पान. मुलीनं तव्याकडे पाठ केली आणि सुरुवात केली. काय सांगू, झाडून सगळं इंग्रजीत, न थांबता, आगगाडीसारखं. आईचा चेहरा उजळत गेला. संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, येतंय की."

"काय सांगितलं तिनं?" मी विचारलं.

"काय की. पर अडली न्हाई."

मी मुलीला म्हटलं, "आता हेच आईला कळेल असं मराठीत सांग."

ती म्हणाली, "मॅम, मराठीत कसं सांगू? मला ते समजलेलं नाहीये." बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. आईचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी कुणी हललं नाही. दोन वर्षं, तीन वह्या, एवढं सुंदर अक्षर, आणि हे वाक्य ती पहिल्यांदा म्हणत होती. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं, कारण आता निदान कुठून सुरुवात करायची ते ठाऊक झालं होतं.

आईनं करपलेली पोळी बाजूला काढली. "मग माझ्याबरोबरच समजून घे," ती म्हणाली. "घास तोंडात घातला. पुढं?"

तेव्हापासून त्या घरात संध्याकाळचे डबे आणि जीवशास्त्र एकत्र होऊ लागलं. नावं इंग्रजीत चालतील, बाकी सगळं मराठीत, एवढा नियम मी घालून दिला. बाकीचे आईनं केले. पोरगी "म्हणजे ते... अं..." करायला लागली की आई लाटणं उगारून म्हणायची, "अडलीस." मग पोरगी हात पुसून पुस्तकापाशी जाऊन बघायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायची. आईला विषय येत नव्हता, पण पोरगी कधी थापा मारते हे एकोणीस वर्षांच्या अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. मला स्वतःला हे कौशल्य अजून आलेलं नाही.

ही हकीकत मी वर्गात, नाव न घेता, सांगितली. पोरांनी ती उचलली ती त्यांच्या पद्धतीनं. एकीनं रूममेटला वेठीला धरलं. खडकवासल्याच्या एकानं आजोबांना हृदय समजावून सांगायला घेतलं. आजोबांची झोप फार सुधारली, असा घरून निरोप आला. झेरॉक्सवाल्यानं मला रस्त्यात गाठून विचारलं, "मॅडम, आता तोंडी काय? धंदा बसवलात."

परीक्षेच्या थोडं आधी ती मुलगी तास संपल्यावर थांबली. ग्रंथींच्या धड्यावर आई अडून बसली होती, असं म्हणाली. झालं होतं असं की आईला थायरॉइडची गोळी होती, बऱ्याच वर्षांपासून. सकाळी उपाशीपोटी. धड्यात थायरॉइडचं चित्र आलं तसं आईनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, ही माझीच हाय, नीट सांग. पोरीनं सांगितलं, मेंदूखालची पिट्युटरी गळ्यातल्या थायरॉइडला काम कर म्हणून निरोप धाडते, काम झालं की निरोप थांबतो. आई म्हणाली, मग माझ्या रिपोर्टमध्ये काय वाढलंय? पोरगी अडली. आई "अडलीस" म्हणाली नाही, नुसती बघत राहिली. रात्रभर नव्हे, पण भाकरी-पोळ्या होईपर्यंत पोरगी विचार करत होती. पुस्तकात 'निगेटिव्ह फीडबॅक' असं लिहिलं होतं आणि तिनं ते तीन वह्यांत उतरवलं होतं.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, आई, सकाळी तू मला उठ म्हणतेस. मी उठले की गप्प बसतेस. मी उठले नाही की तुझा आवाज वाढत जातो. तुझ्या रिपोर्टमध्ये जे वाढलंय ना, ते वरचं ओरडणं आहे. खालची थायरॉइड लोळत पडलीय म्हणून. गोळी घेतलीस की काम होतं आणि वरचं ओरडणं कमी होतं."

इतकी वर्षं मी हा भाग शिकवते. फळ्यावर बाण काढते, उलटे-सुलटे. मी तिला सांगितलं की पुढच्या वर्षीपासून मी हेच सांगणार. ती लाजली आणि म्हणाली, "मॅम, पण मग सगळे हेच पाठ करतील."

पेपर झाला त्या दिवशी ती जिन्यात भेटली. ग्रंथींवर प्रश्न होता. "कसा गेला" याला आमच्या मुलांचं "छान" हे एकच उत्तर असतं. निकाल लागेपर्यंत ते टिकतं. ती छान म्हणाली नाही. "लिहिताना आईचा आवाज येत होता," म्हणाली. मी म्हटलं, "परीक्षकाला सांगू नकोस, कॉपी म्हणून धरतील."

निकाल लागायला नेहमीप्रमाणे उशीर झाला. त्या मधल्या काळात मला चैन पडत नव्हतं, हे कबूल करायला हरकत नाही. रोज सकाळी मोबाइल उघडायचा आणि त्या सोसायटीच्या ऑफिसातली ती खुर्ची डोळ्यांपुढे आणायची, हा माझा उद्योग होऊन बसला होता. शेवटी एका दुपारी मांजरीवरून फोन आला. आईचा होता.

"मॅडम, सुटला पेपर. मामाला सांगून टाकलं, त्या ऑफिसात दुसरी बघ म्हणून."

मी मंडईत होते, हातात मेथीची जुडी. मला इतका आनंद झाला की मी ती भाजीवाल्याला पैसे न देताच पिशवीत टाकली आणि त्यानं अहो बाई, अहो बाई केलं तेव्हा भानावर आले. मी म्हटलं, "ताई, अभिनंदन. पोरीनं मेहनत केली." आई हो म्हणाली, पण फोन ठेवेना.

"एक बोलू का? तिनं ते पुस्तक देऊन टाकलं कुणाला तरी. पेपर झाला म्हणाली. पुढल्या वर्षाचं आणायला टाइम हाय म्हणाली. किडनी निम्मीच राहिली वो आमची. तुम्ही तिला जरा सांगा."

सांगते, मी म्हटलं. तरी फोन चालूच. मग ती जरा आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, मला विचारा."

"काय विचारू?"

"काय बी. ग्रंथी विचारा. पुस्तक न्हाई माझ्यापुढं."

मी मंडईच्या गर्दीतून कडेला झाले, एका कानावर हात ठेवला आणि विचारलं. ती माउली डोक्यापासून खाली सांगत सुटली. पिट्युटरी मेंदूखाली, सगळ्यांवर ओरडणारी. थायरॉइड गळ्यात, ही आमची, आळशी. मग पोटात पॅन्क्रिया, शेजारच्या काकांची बिघडलीय ती, साखर बघणारी. सातवीनंतर ती उठली होती म्हणे, तेव्हाची कुठली तरी गोष्ट इतकी वर्षं तशीच बसून असावी. माझे डोळे भरून आले आणि भाजीवाला माझ्याकडे संशयानं बघत राहिला.

"मग किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी असती ती... ती वो... अं..."

फोनमध्ये लांबून, भांड्यांच्या आवाजातून, पोरीचा आवाज आला.

"आई, अडलीस."